आर.व्ही.तील मोरीचे पाणी आणि टुऑलमी नदी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कॅलिफोर्नियातल्या बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या, मराठी घरांमध्ये आर.व्ही., म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेण्याची बोलणी सुरू होतात. भारतातून कोणाचे आई-वडील, कोणाचे सासू-सासरे आलेले असतात आणि तंबूत जमिनीवर झोपणे वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नसते. त्यामुळे पलंग, ओटा, शौचालय असा सगळा संसार चाकांवर घालून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जाणे सोयीचे ठरते. आम्ही हेवर्डला राहतो आणि बरीच वर्षे अशा सहली करत आलो आहोत, म्हणून ओळखीची मंडळी निघण्यापूर्वी मला फोन करतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा संडासाच्या टाकीविषयी असतो. ती कशी रिकामी करायची, वास येतो का, अंगावर उडते का, हे सगळे तपशिलाने विचारून होते. स्वयंपाकाच्या आणि आंघोळीच्या पाण्याचे काय करायचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते खरी काळजी त्याच पाण्याची घ्यायला हवी. मैल्याची किळस सर्वांनाच असते, त्यामुळे तो उघड्यावर सोडण्याचा विचारही बहुतेकांच्या मनात येत नाही. भांडी विसळलेले पाणी निरुपद्रवी वाटते आणि म्हणून तेच झाडाखाली ओतले जाते.

ज्यांनी आर.व्ही. आतून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. गाडीच्या पोटाखाली तीन टाक्या असतात. एकीत पिण्याचे आणि वापरायचे स्वच्छ पाणी भरून घेतलेले असते. दुसरीत ओट्यावरचे सिंक, बेसिन आणि शॉवर यांचे पाणी उतरते. ती ग्रे टँक, म्हणजे आपल्या मोरीची टाकी. तिसरीत फक्त शौचालयातला मैला जातो; ती ब्लॅक टँक. भाड्याने मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या गाडीत या टाक्या साधारण 30 ते 40 गॅलनच्या, म्हणजे 115 ते 150 लिटरच्या असतात. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला नळ, वीज किंवा सांडपाण्याची वाहिनी जोडण्याची सोय नाही. त्यामुळे गाडी जागेवर लावल्यापासून ती हलवेपर्यंत जेवढे पाणी वापराल, तेवढे सगळे टाक्यांतच साठत जाते आणि भरलेल्या टाक्या डंप स्टेशनवर नेऊनच रिकाम्या कराव्या लागतात. योसेमिटी व्हॅलीत अपर पाइन्स कॅम्पग्राउंडजवळचे डंप स्टेशन वर्षभर चालू असते. वावोना आणि टुऑलमी मेडोज येथे ही सोय उन्हाळ्यापुरती असते.

एकदा गाडी ताब्यात घेताना भाड्याच्या कंपनीतल्या माणसाने आम्हाला सगळी व्यवस्था नीट समजावून दिली आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून सांगितले की, ग्रे टँक भरलीच तर रात्री झडप किंचित उघडी ठेवा. साबणाचे पाणी ते, मातीत जिरून जाते. हाच सल्ला मी पुढे आपल्या लोकांच्या तोंडूनही ऐकला आहे आणि तो ऐकला की मला अस्वस्थ वाटते. कायद्याने तर तो चूक आहेच. राष्ट्रीय उद्यानांना लागू असलेल्या संघीय नियमावलीत, म्हणजे 36 सी.एफ.आर.च्या कलम 2.14 मध्ये, ट्रेलर किंवा अन्य वाहनातील टाकाऊ पदार्थ नेमून दिलेल्या सोयीखेरीज इतरत्र सोडण्यास मनाई आहे आणि टाकाऊ पदार्थांच्या व्याख्येत द्रवरूप कचरा स्पष्ट शब्दांत धरलेला आहे. मोरीचे पाणी चालेल आणि मैला चालणार नाही, असा भेद तिथे केलेलाच नाही.

पण मला कायद्यापेक्षा नदीविषयी अधिक बोलायचे आहे, कारण बे एरियात राहणाऱ्या माणसाचा या नदीशी संबंध सुट्टीपुरता नाही. टुऑलमी मेडोज हे सुमारे 8,600 फुटांवरचे विस्तीर्ण कुरण आहे. हिवाळ्यात बर्फामुळे बंद असलेला टायोगा रस्ता उन्हाळ्याच्या तोंडावर उघडला की तिथे गाड्यांची रीघ लागते. कुरणातून टुऑलमी नदी संथ वळणे घेत जाते आणि कॅम्पग्राउंड तिच्याजवळच आहे. हीच नदी पुढे खोल घळीतून खाली उतरत उतरत हेच हेचीच्या जलाशयाला येऊन मिळते. तिथले ओशॉनेसी धरण 1923 मध्ये बांधून पूर्ण झाले आणि तिथले पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सुमारे 167 मैलांचा प्रवास करून सॅन फ्रान्सिस्को आणि खाडीकाठच्या शहरांना पोहोचते. आमचे हेवर्ड शहरही आपले पाणी याच व्यवस्थेकडून घेते. मूळचे पाणी इतके निर्मळ आहे की सार्वजनिक पाणीपुरवठ्याला एरवी बंधनकारक असलेल्या गाळणीतून त्याला सूट मिळालेली आहे. त्याचे निर्जंतुकीकरण होते, पण ते गाळले जात नाही. सकाळी चहाचे आधण ठेवताना आमच्या नळाला जे पाणी येते, त्यातले बरेचसे कधीतरी त्या कुरणाच्या बाजूने वाहिलेले असते. वरच्या काठावर रात्री कोणी झडप उघडी ठेवली, तर त्या एका गाडीने खालच्या जलाशयात फरक पडणार नाही, हे मलाही समजते. जलाशय प्रचंड आहे आणि नदीला स्वतःला सावरण्याची शक्ती आहे. तरीही आपणच ज्याचे पाणी पितो त्या प्रवाहाच्या उगमाकडे जाऊन आपले खरकटे सोडणे मला मान्य करता येत नाही.

या धरणाला परवानगी देणारा रेकर कायदा डिसेंबर 1913 मध्ये मंजूर झाला. योसेमिटीसारख्या जागी धरण व्हावे की नाही, यावर त्या काळी अमेरिकेत मोठा संघर्ष झाला होता आणि तो प्रश्न आजही पुरता शमलेला नाही. पण त्या कायद्यातल्या स्वच्छतेच्या अटी मी वाचल्या तेव्हा मला त्यांचे फार अप्रूप वाटले. पाणलोटातील कोणत्याही जलाशयात वा ओढ्यात, किंवा त्यापासून 300 फुटांच्या आत, मानवी मैला, केरकचरा किंवा इतर टाकाऊ वस्तू टाकू नयेत, असे तिथे म्हटले आहे. त्यापुढे जलाशयात, आणि त्याला मिळणाऱ्या प्रवाहांत एका मैलाच्या आत, कोणी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत आणि स्वयंपाकाची भांडी घासू नयेत, असेही सांगितले आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा मजकूर लिहिणाऱ्यांनी मैल्याच्या जोडीला भांड्यांच्या पाण्याचाही विचार केला होता.

आता माझ्या सासूबाईंविषयी सांगायला हवे, कारण या विषयावरचा सर्वांत सरळ प्रश्न मला त्यांनी विचारला. त्या राजापूरकडच्या. टुऑलमीला एका संध्याकाळी पिठले-भात झाल्यावर मी भांडी आवरत होते आणि त्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोरच एक लॉजपोल पाइन होता. सिंकमध्ये पाणी सोडताना मी सारखी टाकीचा दर्शक दिवा पाहते आहे, हे त्यांच्या लक्षात आले असावे.

"अगं, एवढं पाणी त्या टाकीत कशाला कोंबतेस? झाडाला घाल की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सगळं अळू मोरीच्या पाण्यावर वाढायचं. केळीसुद्धा."

"आई, तुमच्या अळूला ते मानवायचं. इथल्या झाडांना मानवत नाही."

"का नाही मानवत? झाड ते झाडच ना?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. कोकणातल्या घरामागे मोरीचे पाणी पाटाने अळवाकडे, कर्दळीकडे आणि केळीकडे नेण्याची रीत हे पाण्याच्या पुनर्वापराचे उत्तम उदाहरण आहे. एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, या संस्कारातूनच त्या बोलत होत्या. पण ती रीत यशस्वी होते ती तिथल्या परिस्थितीमुळे. अळू आणि केळ ही खादाड झाडे आहेत. पाणी आणि खत जितके द्याल तितके ती घेतात आणि वर्षभर वाढतात. जमीन बारमाही उबदार असल्यामुळे मातीतले जिवाणू अन्नाचे कण लगेच फस्त करतात. पूर्वी त्या पाण्यात राख आणि शिकेकाई असायची, आजच्यासारखी डिटर्जंट नसायची. शिवाय एका घराचे पाणी एका घराच्या झाडांना, रोज थोडे थोडे, असे त्याचे प्रमाणही राखलेले असे.

टुऑलमीला यातले काहीच नाही. हिमनद्यांनी तासून काढलेल्या ग्रॅनाइटवर भरड, रेताड मातीचा पातळ थर आहे. वर्षातले अनेक महिने तो बर्फाखाली असतो आणि झाडांना वाढायला जेमतेम काही आठवडे मिळतात. अशा थंड आणि उथळ मातीत जिवाणूंचे काम फार मंद चालते. ओतलेले पाणी कणांमधून झपाट्याने खाली जाते, खडकाला लागते आणि उताराने नदीची वाट धरते. सिएरा नेवाडा या इथल्या पर्वतरांगेतील ओढे आणि तळी यांच्यात पोषक द्रव्ये मुळातच अत्यल्प असतात. त्यांचे पाणी काचेसारखे दिसते ते त्यामुळेच. साबणातला फॉस्फरस आणि अन्नातला नायट्रोजन थोडा जरी वाढला तरी दगडांवर शेवाळाचा बुळबुळीत थर धरायला सुरुवात होते. आणि आपण ज्या जागेवर दोन रात्री राहतो, तिथे पूर्ण हंगामभर एकामागून एक गाड्या येत असतात. प्रत्येकाने आपल्यापुरते म्हणून शंभर लिटर सोडले, तर त्या एका झाडाच्या बुंध्याशी उन्हाळ्याच्या अखेरीस काय साठले असेल, याचा विचार करावा. शिवाय अस्वले आहेतच. योसेमिटीतल्या काळ्या अस्वलांचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते आणि बेसन, तेल, हिंग यांचा वास असलेले पाणी जमिनीत मुरले तरी वास वर राहतो. माणसांच्या वस्तीजवळ अन्न मिळते हे अस्वलाला एकदा कळले की ते पुन्हा पुन्हा येते, धीट होते, आणि शेवटी अनेकदा त्यालाच जीव गमवावा लागतो.

हे सगळे मी आईंना एका दमात सांगितले असे नाही. थोडे त्या संध्याकाळी, थोडे दुसऱ्या दिवशी नदीकाठी बसल्यावर बोलणे झाले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी उरलेल्या पोळीच्या तुकड्याने कढईच्या कडेची पिठल्याची खरवड निपटून घेतली, तुकडा खाल्ला आणि कढई माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता हिला पाणी किती लागतंय बघ." अक्षरशः दोन पेले लागले. गाडीतल्या पाण्याविषयीचे पुढचे सगळे नियम आमच्या घरात त्यांच्या त्या कढईवरून ठरले.

आपल्या स्वयंपाकाचा आणि या टाकीचा संबंध नीट समजून घ्यायला हवा, कारण भाड्याच्या कंपन्यांची माहितीपत्रके सँडविच खाणाऱ्या कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्या भांड्यांत तेलाचा तवंग असतो, हळद असते, डाळीचा गाळ असतो, भाताची पेज असते. हे सगळे टाकीत गेले की तेल भिंतींना आणि आतल्या दर्शकांना चिकटते, मग टाकी रिकामी असतानाही दिवा ती भरल्याचे दाखवत राहतो. आणि अन्नाचे कण बंद टाकीत, हवेशिवाय कुजतात. उन्हाच्या दिवसांत दोन दिवसांची मोरीची टाकी मैल्याच्या टाकीपेक्षा अधिक घाण वास मारते, हे अनुभवाखेरीज पटत नाही. म्हणून खरकटे सिंकपर्यंत पोहोचूच द्यायचे नाही, हे मुख्य काम. ताटे आणि पातेली आधी कागदाने कोरडी पुसून घ्यावीत आणि तो कागद अस्वलांना उघडता न येणाऱ्या कचरापेटीत टाकावा. सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी ठेवावी. तळण तर मुक्कामावर करूच नये. फोडणीचे उरलेले तेल झाकणाच्या डब्यात साठवून कचऱ्यात टाकावे. रस्साभाजी आणि आमटी घरून करून, गोठवून न्यावी. वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये डब्यांत लावले तर घासायची भांडी निम्म्याने कमी होतात. आम्ही भांड्यांवर फवारणीच्या बाटलीने साबणाचे पाणी मारतो, घासतो आणि एका लहान टबात विसळतो. नळ वाहता सोडायचा नाही, हा नियम मुलेसुद्धा पाळतात.

बायोडिग्रेडेबल असे लिहिलेला साबण आणला की पाणी कुठेही ओतता येते, असा एक समज आहे. त्या साबणाचे विघटन मातीतल्या जिवाणूंकडून, वेळ मिळाला तर होते. तो ओढ्यात गेला तर माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना साबण म्हणूनच त्रास देतो. पाठीवर पिशवी घेऊन डोंगर चढणाऱ्यांना अशी शिकवण असते की, भांड्यांचे पाणी गाळून घ्यावे, कण सोबत परत न्यावेत आणि पाणी ओढ्यापासून 200 फूट, म्हणजे साधारण 60 मीटर दूर नेऊन शिंपडावे. ती शिकवण एका पातेलीभर पाण्यासाठी आहे. शंभर लिटरची टाकी एका ठिकाणी मोकळी करणाऱ्याने तिचा आधार घेऊ नये.

टाकी भरते ती मात्र भांड्यांपेक्षा आंघोळीने. गाडीतला शॉवर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी सोडतो; चार माणसांनी पाच-पाच मिनिटे आंघोळ केली की 130 लिटर गेले आणि टाकी पहिल्याच सकाळी भरली. यावर इथले लोक अंग ओले करणे, नळ बंद करून साबण लावणे, पुन्हा नळ सोडणे असा उपाय सांगतात. आपल्याकडे त्याहून चांगला उपाय पिढ्यानपिढ्या आहे. शॉवरच्या जागेत एक लहान बादली आणि तांब्या ठेवावा. आठ लिटरमध्ये मोठ्या माणसाची व्यवस्थित आंघोळ होते आणि चौघांचे मिळून पाणी 32 लिटरच्या पुढे जात नाही. सासऱ्यांना तर तीच आंघोळ खरी वाटते.

मैल्याच्या टाकीविषयीही आपल्या सवयीचा एक अनपेक्षित फायदा आहे. त्या टाकीत बिघाड होतो तो बहुतेक वेळा पाणी कमी पडल्यामुळे. गाडीचे शौचालय एका वेळी जेमतेम अर्धा ते एक लिटर पाणी सोडते. लोक जास्तीत जास्त कागद आणि कमीत कमी पाणी वापरतात, मग नळीच्या बरोबर खाली घट्ट ढीग साचतो आणि तो कोणत्याही उपायाने लवकर हलत नाही. आपण कागदाऐवजी पाणी वापरतो, त्यामुळे टाकीतला मैला पातळ राहतो, वास कमी येतो आणि रिकामे करताना सगळे एका झटक्यात वाहून जाते. टाकी थोडी लवकर भरते, एवढेच. ज्यांना कागद हवा त्यांनी पाण्यात चटकन विरघळणारा घ्यावा. एका बरणीत पाणी घेऊन कागदाचा तुकडा टाकून हलवला की त्याची परीक्षा होते. ओले रुमाल, मग पाकिटावर फ्लशेबल असे छापलेले का असेनात, टाकीत कधीही टाकू नयेत. टाकी रिकामी केल्यावर तळाशी दहा-पंधरा लिटर पाणी सोडून ठेवावे आणि शक्यतो टाकी दोन-तृतीयांश भरल्याखेरीज ती रिकामी करू नये, कारण पुरेसे पाणी असल्याशिवाय आतला गाळ निघून येत नाही.

टाकीत घालायच्या रसायनांविषयी थोडे अधिक सांगते, कारण दुकानात बाटली निवडताना बहुतेक जण सुवास पाहतात. फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये वास थांबवतात ती जिवाणूंना मारून. दूरवरच्या अनेक डंप स्टेशनांचे पाणी शहराच्या गटारात जात नाही. ते जागेवरच्या सेप्टिक टाकीत जाते आणि तिथे मैल्याचे विघटन करणारे जिवाणूच असतात. उन्हाळ्यात शेकडो गाड्यांचे असे पाणी तिथे गेले की ती व्यवस्था निकामी होते आणि अर्धवट कुजलेले पाणी जमिनीत उतरते. कॅलिफोर्नियात फॉर्मल्डिहाइड असलेल्या अशा द्रव्यांवर कायद्याने बंदी आहे; शेजारच्या राज्यांतून किंवा ऑनलाइन मागवताना मात्र लेबल वाचावे लागते. एन्झाइम किंवा जिवंत जिवाणू असलेली द्रव्ये घ्यावीत आणि पाणी भरपूर ठेवावे. पाणी पुरेसे असले तर द्रव्य फारसे लागतही नाही.

डंप स्टेशनवरचे काम घाईने करू नये. मागे गाड्यांची रांग असते आणि मनावर दडपण येते, तरी रांगेतल्या प्रत्येकाला हे काम करायचे असते आणि ते समजून घेतात. काँक्रीटचा किंचित उतार असलेला चौथरा, मधोमध लोखंडी झाकणाचे तोंड, बाजूला धुण्यासाठी एक नळ, असे त्या जागेचे स्वरूप असते. रबरी हातमोजे घालावेत. आधी दोन्ही झडपा बंद आहेत हे पाहावे, मगच गाडीच्या नळकांड्याचे झाकण काढावे. तीन इंची जाड नळी गाडीला बसवून फिरवली की दोन्ही बाजूंच्या खुंट्या खाचेत अडकल्याचे हाताला कळते. ते कळेपर्यंत पुढे जाऊ नये. दुसरे टोक जमिनीतल्या तोंडात खोल घालून त्यावर झाकणाचे वजन ठेवावे. नळीच्या सुरुवातीला पारदर्शक कोपरा असेल तर फार उपयोग होतो, कारण आतून काय वाहते आहे ते दिसते. पहिल्यांदा मैल्याची झडप ओढावी. सुरुवातीला जोराचा आवाज येतो, मग तो मंदावतो. शौचालयातून एक-दोन बादल्या पाणी ओतून पुन्हा वाहू द्यावे आणि झडप बंद करावी. त्यानंतर मोरीची झडप उघडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते. हा क्रम उलटा झाला तर मैला नळीत तसाच राहतो. नंतर नळी गाडीच्या बाजूने सोडवून उंच धरत धरत तोंडाकडे जावे, म्हणजे उरलेले पाणी तिथेच उतरते. शेवटी चौथऱ्यावर काही सांडले असेल तर ते धुऊन त्या तोंडातच लोटावे. मागून येणाऱ्याला आपली घाण दिसू नये. तिथला धुण्याचा नळ पिण्याचा नसतो, तशी पाटी असते. पिण्याचे पाणी भरायची नळी त्याला कधीही लावू नये आणि ती नळी मैल्याच्या नळीच्या कप्प्यात ठेवू नये.

मुक्काम लांबला आणि गाडी हलवायची नसेल, तर चाकांची छोटी टाकी मिळते. तीत मोरीचे पाणी काढून डंप स्टेशनला नेता येते. 25 गॅलनची अशी टाकी भरल्यावर जवळजवळ 95 किलोची होते, तेव्हा ती एकट्याने ओढू नये.

राष्ट्रीय उद्यानांबाहेर नियम जागोजागी बदलतात. वनखात्याच्या जमिनीवरील संघीय नियमात सांडपाण्याचा उल्लेख नावानिशी आहे. ते बाहेर न्यावे किंवा नेमलेल्या जागीच टाकावे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय खात्याच्या जमिनींच्या सर्वसाधारण नियमात मात्र वाहनातून मैला आणि कचरा सोडण्यास मनाई करताना धुण्याचे पाणी वगळलेले आहे. राज्याचे किंवा स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. पण ते नसले, तरी या सवलतीचा उपयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युटातील मोआबच्या आसपास ज्या वाळूवर या गाड्या उभ्या राहतात, तिच्यावर सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांचा मिळून बनलेला एक जिवंत काळपट पापुद्रा असतो. तोच तिथली माती धरून ठेवतो आणि एकदा मोडला की भरून यायला दशके लागतात. साबणाचे शंभर लिटर पाणी त्यावर सोडण्याची परवानगी एखाद्या वाक्यातून निघत असली, तरी ती घेण्याची गरज नसते. जवळच्या गावात डंप स्टेशन सापडतेच.

अलीकडे पुण्या-मुंबईचे नातेवाईकही मला याच गोष्टी विचारू लागले आहेत. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि सिंक व शौचालय असलेल्या गाड्या भाड्याने घेऊन लोक सह्याद्रीत आणि कोकणात जाऊ लागले आहेत. तिथे पावसाळ्यानंतर सर्वांना पठारांवर जायचे असते. सड्यांवरची, म्हणजे या खडकाळ पठारांवरची, माती टुऑलमीसारखीच खडकावर वीतभरसुद्धा नसलेली असते. खडक ग्रॅनाइटऐवजी जांभा, एवढाच फरक. पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत 2012 मध्ये समाविष्ट झालेल्या कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, त्या तिथल्या मातीत नायट्रोजन फार कमी असतो म्हणूनच; किडे पकडून त्या आपली ती गरज भागवतात. अशा जमिनीवर वरण-भाताचे पाणी ओतले की तिथे गवत आणि तण माजते आणि या इवल्या वनस्पती त्याखाली दबून जातात. आईंच्या परसातल्या अळवाला जे पाणी हवेसे असते, ते सड्याला नको असते.

म्हणून माझ्या मावसबहिणीने परवा गाडी ठरवताना फोन केला तेव्हा मी तिला सांगितले की, भाडे ठरवण्याआधी मालकाला विचार: मोरीची टाकी वेगळी आहे का, किती लिटरची आहे आणि ती कुठे रिकामी करता? गावाच्या मलनिस्सारण वाहिनीत, एखाद्या रिसॉर्टच्या सेप्टिक टाकीत की आणखी कुठे, हे जागेच्या नावासकट विचार. 'वाटेत कुठेही सोडतो' असे उत्तर आले, तर दुसरी गाडी बघ.